त्रास काही न्हाई, साहेब

लातूरच्या डॉक्टरांचा प्रश्न इतक्या वर्षांत बदलला नाही. फाइल उघडायची, चष्मा नाकावर खाली ओढायचा आणि विचारायचं, "मग? काही त्रास?" उत्तर आप्पा द्यायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. "त्रास काही न्हाई, साहेब. एकदम ठणठणीत हाय पोरगी." मी शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसलेली. दहावीत होते तेव्हा असंच, लग्न झाल्यावर असंच, आणि नांदेडच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागले, पोरांना "तुला तोंड नाही का, तुझं तू बोल" असं दरडावायला लागले, तरी इथे आपलं असंच. वर्गात माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसतात. डॉक्टरांपुढे मात्र बाप बोलायचा आणि मी मान हलवायचे.

आप्पा तसं खोटं बोलत नव्हते. फिट येत नव्हती, आणि फिट नाही म्हणजे त्रास नाही. बाकीचं, म्हणजे मी घरात कशी वागते, कुणाला काय बोलते, हे काही डॉक्टरांना सांगायचं नसतं, असं आमच्याकडे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. हे फिटच्या गोळीमुळे असेल अशी माझ्या मनात शंका होती. पण मी गप्प बसले, कारण ती गोळी मला सोडायची नव्हती.

पहिली फिट आली ती लातूरला, दहावीत असताना, शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतो तो शुद्धीवर येतानाचा कांद्याचा वास आणि चपलेचा. दोन्ही नाकाशी धरलेलं होतं. कांद्याचं एक वेळ समजू शकते, पण चप्पल कुणाची होती हे मैत्रिणींनी आजवर सांगितलेलं नाही.

घरी बातमी पोचायच्या आत आत्या पोचली. तिच्या मते ही बाहेरची बाधा होती. मुखेडकडच्या एका खेड्यात एक बाबा अमावास्येला धागा बांधतो, मिरगी पळून जाते, तिनं डोळ्यानं बघितलंय. आप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला चहा दिला आणि म्हणाले, "आपल्या बापानं देव्हारा उचलून नदीत सोडला तो कशासाठी? पोरानं पुन्हा धागे बांधत फिरावं म्हणून? आपण बौद्ध माणसं. पोरीला आजार झालाय. आजाराला गोळी असती." आत्या चहा अर्धा ठेवून उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "गोळ्या खाऊन पोरगी येडी व्हईल तवा येशील माझ्याकडं."

हे वाक्य आप्पांच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून आमच्या घरात गोळी ही नुसती गोळी राहिली नाही. ती आप्पांची बाजू झाली. गोळीनं मला गुण येत होता तो त्यांच्या बापानं सोडलेल्या देव्हाऱ्याचा मान होता. आणि गोळीनं काही वाईट होतंय असं म्हणणं म्हणजे आत्याला बोलावून आणून "तू म्हणत होतीस तेच खरं" असं सांगण्यासारखं होतं. त्यामुळे ते कुणीच म्हणत नव्हतं. आजारपणात रडणारी घरं असतात, आमचं घर गोळीचं कौतुक करणारं होतं.

आणि कौतुक करण्यासारखं होतंच, ते मी नाकारणार नाही. आजाराच्या पहिल्या वर्षात मला मोरीच्या दाराला कडी लावायची परवानगी नव्हती. आत फिट आली तर दार फोडत कोण बसणार? म्हणून दार नुसतं लोटलेलं, बाहेर आई पाटावर बसलेली आणि सारखी विचारतेय, "बाई, हायस का?" मी तोंडाला साबण लावून ओरडायचे, "हाय!" सोळा वर्षांच्या पोरीनं अंघोळ करताना आपण जिवंत आहोत हे ओरडून सांगायचं, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल ते मला माहीत नाही. गोळी लागू पडली, फिट थांबल्या, डॉक्टरांनी हळूहळू एकेक सूट दिली, आणि एक दिवस मी आतून कडी लावली. त्या दिवशी लातुरात नळाला पाणी नव्हतं, टँकरची बादली मिळालेली. मी त्या एका बादलीत मनसोक्त बसून राहिले. पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, स्कूटी आली. हे सगळं मला त्या कडीच्या आवाजापासून सुरू झाल्यासारखं वाटतं.

लग्नाच्या बैठकीत आप्पांनी काही लपवलं नाही. पोहे येण्याआधीच सांगून टाकायचे, त्यामुळे एकदोन ठिकाणी पोहे आमचे वाचले. माझ्या नवऱ्यानं मात्र शांतपणे विचारलं, "गोळी वेळेवर घेतात ना? मग काय." तो विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. कोणतीही गोष्ट त्याला "मग काय" एवढीच वाटते. हा त्याचा गुण आहे आणि मला कधीकधी ह्याच गुणासाठी त्याचं डोकं फोडावंसं वाटतं.

पहिल्या गोळीनं मला फुगवलं होतं. केस हातात यायचे, बोटं थरथरायची. फळ्यावर वर्तुळ काढलं की बटाटा व्हायचा आणि पोरं हसायची. पण मूल व्हायची गोष्ट निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही गोळी पोटातल्या बाळाला बरी नाही, आधी बदलू. बदलली. दुसरी गोळी इतकी मानवली की आप्पांनी तिच्या रिकाम्या पाकिटाकडेसुद्धा आदरानं बघावं. केस आले, अंग उतरलं, वर्तुळं गोल झाली, फिट नाहीच, आणि मुलगी झाली ती धडधाकट. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की या गोळीनं काहींची चिडचिड वाढते, लक्ष ठेवा. मी "हो" म्हटलं होतं. ते "हो" मला स्पष्ट आठवतं.

राग मला आधीही यायचा. आमच्या घराण्यात थंड डोक्याचे फक्त आप्पा. पण हा राग वेगळा होता. आधीच्या रागाला पायऱ्या होत्या, मी एकेक चढायचे, मध्ये कुणी हसवलं तर खाली यायचे. हा एकदम वरच असायचा. मुलीच्या डब्यातली भाजी परत आली, नवऱ्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला, भाजीवाल्यानं मेथीची जुडी बारकी बांधली, सगळ्याला सारखाच राग. एकदा मुलीनं सात आठे छप्पन्नच्या जागी चोपन्न म्हटलं म्हणून मी तिची वही फाडली. गणिताच्या बाईंची पोरगी! ती रडली नाही. फाटलेली पानं गोळा करून ती दप्तरात ठेवायला लागली, आणि मला तिच्या त्या शहाणपणाचाही राग आला. थोड्या वेळानं राग उतरला की मी स्वतःला इतकं खायचे की रात्रीचं जेवण जायचं नाही. आणि सकाळी उठून पुन्हा तेच.

हे गोळीचं असेल हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी गुपचूप वाचलं होतं. पण तिकडे डॉक्टरांनी विचारलं "काही त्रास?" की मला पाटावर बसलेली आई दिसायची, लोटलेलं दार दिसायचं, आणि वर्गातल्या पोरांसमोर पडलेली मी दिसायचे. शेजारून आप्पा म्हणायचे, "त्रास काही न्हाई, साहेब." मी मान हलवायचे. खरं म्हणजे त्रास मला नव्हताच. गोळीचा फायदा माझ्या वाट्याला होता आणि त्रास घरच्यांच्या.

आई गेली आणि आप्पा लातूरचं घर बंद करून आमच्याकडे नांदेडला आले. त्यांचं आयुष्य मोटारी दुरुस्त करण्यात गेलेलं. बोअरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, जळालेलं तांब्याचं वाइंडिंग काढून नवं भरायचं. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. आमच्या घरात जे चालत होतं ते खोलून बघायचं आणि पुन्हा जोडायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. पंखा झाला, इस्त्री झाली. नात त्यांची मदतनीस. दोघांचं गूळपीठ बघून मला बरं वाटायचं. आणि मग एका सकाळी, मला शाळेला उशीर झालेला, शेंगदाण्याची चटणी वाटायची राहिलेली, आणि ओट्यावर मिक्सर उलटा पडलेला, पोट फाडून. बाजूला वाटीत सगळे स्क्रू.

"जरा आवाज करत व्हता," आप्पा म्हणाले. "बुशिंग गेलंय. अर्ध्या घंट्यात देतो बसवून."

मी काय बोलले ते इथे लिहायला माझा हात अडतोय. पण न लिहून भागणार नाही. मी म्हटलं, "आईच्या जागी तुम्ही गेला असता तर बरं झालं असतं."

नवरा चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला. मुलगी बूट घालत होती, ती लेस बांधायची थांबली. आप्पांनी वाटीतला एक स्क्रू उचलला, चिमटीत फिरवून बघितला आणि परत वाटीत ठेवला. "हाव," एवढंच म्हणाले. मी स्कूटी काढली आणि शाळेत जाऊन पूर्ण तास पायथागोरस शिकवला. एकही चूक झाली नाही. फळ्यावरची वर्तुळं, त्रिकोण, सगळं सुबक. गोळी आपलं काम चोख करत होती.

संध्याकाळी आले तेव्हा मिक्सर जागेवर होता, चटणी वाटून झाकून ठेवलेली होती, आणि आप्पांची पिशवी दाराशी. "घर बंद ठेवलं की वाळवी लागती," ते म्हणाले. "तुझी तारीख हायच डॉक्टरची. तुझ्यासंगं येतो आन तिथंच ऱ्हातो." लातुरात त्यांचं करणारं कुणी नव्हतं. गुडघे दुखतात, साखर आहे, एकट्यानं भाकरी करून खाणार हा माणूस. मी "राहा" म्हणू शकत होते. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? ज्या तोंडानं सकाळी ते बोलले त्याच?

आम्ही सकाळची बस धरली. लोह्यापर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. अहमदपूरला बस थांबली तसे ते उतरून माझ्यासाठी भजी घेऊन आले, कागदातली. लहानपणी तारखेला जाताना आणायचे तशी. मी खाल्ली. एकूणएक खाल्ली, कारण न खाणं हे आणखी एक बोलणं झालं असतं.

डॉक्टरांनी फाइल उघडली, चष्मा खाली ओढला. "मग? काही त्रास?"

"त्रास काही..." आप्पांनी सुरुवात केली.

"आहे," मी म्हटलं. "मला राग येतो. आवरत नाही."

"न्हाई साहेब," आप्पा घाईनं म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय. शाळा, घर, सगळं एकटी बघती. दमती जरा, एवढंच."

मग मी ते वाक्य, जसंच्या तसं, डॉक्टरांना सांगितलं. बापासमोर दुसऱ्यांदा म्हटलं. आप्पा टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मेंदूकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवसांपासून आहे हे?" मी सांगितलं, मुलगी झाली तेव्हापासून. "आणि आज सांगताय?" ते रागावले नव्हते, पण मला रागावल्यासारखं वाटलं. हे या गोळीनं होतं, सगळ्यांना नाही पण होतं, दुसऱ्या गोळ्या आहेत, बदलून बघता आलं असतं, असं ते समजावून सांगत राहिले. मी ऐकत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता: माझ्या मुलीचं आजवरचं अख्खं आयुष्य.

बाहेर औषधाच्या दुकानापाशी आप्पा थांबले. "मला कळत व्हतं गं," ते म्हणाले. "तू अशी नव्हतीस. पण गोळीमुळं डोकं बिघडतंय म्हणून मी साहेबाला सांगायचं, म्हंजी तुझ्या आत्याचंच झालं ना खरं? माझ्या जिभेवर यायचं आन मी गिळायचो." ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या रागाचा दोष ते स्वतःवर घेत होते, आणि मला तेही सहन होईना. "आत्याचं खरं झालं नाही, आप्पा," मी म्हटलं. "गोळीला उतारा दुसरी गोळीच आहे. चला घरी." त्यांची पिशवी मी खांद्याला लावली आणि आम्ही दोघांनी नांदेडची गाडी धरली.

नवी गोळी हळूहळू वाढवत न्यायची होती आणि जुनी हळूहळू कमी करायची. जुनी संपली तसं घरात काहीतरी सैल झालं. मला वाटत होतं फरक मला जाणवेल. फरक जाणवला तो दुसऱ्यांच्या अंगात. नवरा स्वयंपाकघरात येऊन उगाच उभा राहायला लागला. आधी तो पाणी पिऊन निघून जायचा. आप्पांनी पुन्हा टेबलफॅन खोलला. आणि एकदा मुलीच्या हातून दुधाचा पेला पडला. फरशीवर दूधच दूध. ती हलली नाही. खांदे वर ओढून, डोळे बारीक करून तशीच उभी राहिली, वाट बघत. काहीच आलं नाही, तेव्हा तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी फडकं आणायला गेले आणि मोरीत जाऊन रडले. पोरीचे ते वर ओढलेले खांदे मी घडवले होते, रोज थोडेथोडे.

ते दिवस चांगले होते. मी असंही म्हणेन की माझ्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, आणि हे म्हणताना लाज वाटते.

मग फिट आली. सकाळी नवरा मुलीला शाळेत सोडायला गेलेला. मी गॅसवर चहा ठेवून उभी होते, आप्पा जेवणाच्या टेबलापाशी पेपर वाचत होते. त्यानंतरचं मला आठवतं ते फरशीवरून दिसणारं छत, आणि माझं डोकं आप्पांच्या मांडीवर. जीभ चावलेली, सगळं अंग कुटून काढल्यासारखं. आप्पांचा उजवा हात तांदूळ भिजत घातलेल्या पातेल्यात मनगटापर्यंत बुडवलेला होता. मला वाटलं ते तांदूळ धुताहेत. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई. चहा सांडला," ते म्हणाले. उकळत्या चहाचं पातेलं माझ्या अंगावर येत होतं, ते त्यांनी हातानं उडवून लावलं होतं. हे मला नंतर नवऱ्याकडून कळलं. त्यालाही त्यांनी धड सांगितलं नव्हतं, त्यानं हात बघून ओळखलं.

पुन्हा लातूर. आप्पांच्या हाताला पट्टी बांधलेली, त्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवलेला, मला दिसू नये म्हणून. या वेळी डॉक्टर बराच वेळ बोलले. नव्या गोळीचा डोस वाढवत नेता येईल, पण ती पूर्ण लागू पडेपर्यंत वेळ जाईल आणि तोवर फिट येऊ शकते. तोपर्यंत स्कूटी बंद. गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. नाहीतर जुन्या गोळीवर परत जायचं. ती तुम्हाला लागू आहे हे सिद्ध झालेलं आहे. सोबत एक जीवनसत्त्वाची गोळी देतो, चिडचिडीला थोडा उतार पडला तर पडला. "पण खात्री देत नाही. निर्णय तुम्ही घ्या. घरच्यांशी बोला."

मी गप्प बसले. आता तरी या गप्प बसण्याबद्दल खरं सांगते. मला जुनी गोळी हवी होती. डॉक्टरांनी "कडी" म्हटलं त्याच क्षणी माझं ठरलं होतं. पण ते मी माझ्या तोंडानं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं होतं? की माझ्या पोरीनं खांदे वर ओढून उभं राहिलं तरी चालेल, मला स्कूटी पाहिजे? मी वाट बघत होते की दुसरं कुणीतरी म्हणेल. आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय हे मला माहीत होतं.

"जुनीच द्या, साहेब," आप्पा म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "आप्पा, घरात दिवसभर तुम्ही असता. बोलणी तुम्हालाच बसणार."

"मला कुठं काय ऐकू येतंय?" आप्पा म्हणाले. "कान गेलेत माझे. वय झालं. ती बोलली का न बोलली, मला काय समजत न्हाई. तिकडची फिकीर नका करू."

आमच्या शेजाऱ्यांच्या बोअरची मोटार तिसऱ्या मजल्यावरून ऐकून तिचं बेअरिंग जायला आलंय म्हणून खाली जाऊन सांगणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते, चेहरा एकदम कोरा. डॉक्टर फाइलमध्ये मान घालून अगदी हळू, जवळजवळ पुटपुटत म्हणाले, "हाताची पट्टी उद्या बदलून घ्या."

"हाव, घेतो," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. त्यांनी जुन्या गोळीचं नाव लिहिलं. मी तो कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "आप्पा, असं काय बोलता, तुम्हाला चांगलं ऐकू येतं," हे एवढं वाक्य होतं. मी ते बोलले नाही. मी बापाला खोटं बोलू दिलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनाला जे वाटलं तो सुटकेचा आनंद होता. त्याला दुसरं नाव देता आलं असतं तर मी दिलं असतं.

आता पुन्हा फिट नाही. काही महिन्यांनी स्कूटी सुरू झाली, कडीही लागते. राग परत आला, आधीपेक्षा थोडा कमी, किंवा मला तसं वाटून घ्यायचंय. तो चढतोय असं कळलं की मी हात वर करून सांगते आणि मुलगी आजोबांच्या खोलीत जाते, असं आम्ही ठरवलंय. कधी हात वर करायचं राहून जातं. नवरा म्हणतो, "चालायचंच, मग काय." आणि आप्पांनी आपलं बहिरेपण इतकं मन लावून सांभाळलंय की शेजारपाजारचे आता त्यांच्याशी ओरडून बोलतात. मी आवाज चढवला की ते कानामागे हात धरतात, "काय म्हणालीस?" विचारतात आणि पेपरात मान घालतात. नातीनं मात्र एकदा त्यांच्या पाठीमागून कुजबुजत "आजोबा, जिलेबी" म्हटलं, आणि ते लगेच वळले. दोघंही इतकी हसली की त्यांना खोकला आला. मी दारात होते. मला पाहून आप्पांनी हसू आवरलं आणि कानामागे हात नेला.

मागच्या रविवारी दुपारी ते गॅलरीत हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. उजव्या हाताची कातडी अजून गुलाबी आहे, बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे शेंगा हळू सोलल्या जातात. नवरा बाहेर गेलेला, मुलगी आत चित्र काढत बसलेली. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, चार शेंगा हातात घेतल्या. बरेच दिवस मनात घोळत होतं ते म्हटलं. "आप्पा, त्या दिवशी आईवरून बोलले ना मी तुम्हाला, ते माझं चुकलं."

ते शेंग सोलत राहिले.

"आप्पा, माझं चुकलं."

"काय म्हणालीस?" त्यांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत न्हाई बाई."

मला आधी हसू आलं, मग रडू. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर ते वाक्य कधीतरी त्यांनी ऐकलं होतं हेही कबूल करावं लागलं असतं. पण मला सांगायचंच होतं. मी पुढे झुकून मोठ्यानं म्हटलं, "माझं चुकलं, आप्पा! मी तसं बोलायला नको होतं!" आवाज फाटला. मोठा केलेला माझा आवाज एकाच तऱ्हेचा निघतो.

आत खुर्ची सरकली. मुलगी दाराशी आली, हातात रंगाची पेन्सिल, खांदे वर ओढलेले. "आई," ती म्हणाली, "आजोबांवर नको ना ओरडू."

आप्पांनी शेंगेतले दाणे ताटलीत टाकले, नातीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात तिला म्हणाले, "ओरडत न्हाई गं माय ती. मला ऐकू येत न्हाई ना, म्हणून मोठ्यानं बोलायलीय."